वाढती संस्था आणि समान अर्थ : डबेवाल्यांच्या खुणांच्या आधारे काही विचार

१

संस्था लहान असते तोपर्यंत तिचा कारभार बव्हंशी तोंडी बोलण्यावर चालतो. मालक व कामगार एकाच छपराखाली वावरत असतात. 'तो माल आज पाठवा' एवढे वाक्य उच्चारले की 'तो' म्हणजे कोणता आणि 'आज' म्हणजे किती वाजेपर्यंत, हे बोलणारा व ऐकणारा दोघांनाही ठाऊक असते. वाक्यात जे अनुक्त राहिले ते परिस्थिती पुरे करते. पुढे संस्था वाढते, दुसरी शाखा निघते, माणसे परस्परांस अपरिचित होतात. वाक्य तेच राहते, परंतु त्याला अर्थ पुरविणारी परिस्थिती नाहीशी झालेली असते. मग माल दुसराच जातो किंवा दुसऱ्या दिवशी जातो, आणि दोष कोणाचा ह्याविषयी वाद सुरू होतो.

वाढत्या उद्योगाच्या अडचणी भांडवल, यंत्रसामग्री, मनुष्यबळ, बाजारपेठ अशा सदरांखाली मांडण्याचा प्रघात आहे. समान अर्थाचा लोप हे सदर त्यांत सहसा आढळत नाही. वास्तविक व्यवस्थापनशास्त्रात ज्यास व्यवस्थाविचार म्हणतात आणि ज्यास अखंड सुधारणा म्हणतात, त्या दोहोंच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. संस्थेचे भाग परस्परांशी कोणत्या चिन्हांनी बोलतात, आणि त्या चिन्हांचा अर्थ सर्वत्र एकच राहतो की नाही, हे पाहिल्यावाचून ह्या दोन्ही कल्पना केवळ घोषणा होऊन बसतात. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचे विवेचन मुंबईच्या डबेवाल्यांच्या उदाहरणावरून केले आहे.

२

प्रथम व्यवस्था ह्या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. भाषाभ्यासकांस ही कल्पना नवी नाही. फेर्दिनां द सोस्यूर ह्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भाषेतील कोणत्याही घटकाचे मूल्य त्याच्या ठायी स्वतंत्रपणे नसते, इतर घटकांशी असलेल्या त्याच्या संबंधांतून ते उत्पन्न होते, हा त्यांतील मुख्य सिद्धान्त होय. उद्योगाच्या क्षेत्रात हाच विचार डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग ह्यांनी १९५० साली जपानमधील व्याख्यानांतून मांडला. कच्चा माल पुरविणाऱ्यापासून ग्राहकापर्यंतची सर्व साखळी त्यांनी एकाच आकृतीत दाखविली, आणि ग्राहकाकडून आलेली माहिती पुन्हा आरंभाकडे वळविली. एकेका खात्याची कामगिरी स्वतंत्रपणे वाढविल्याने सबंध उद्योगाची कामगिरी वाढतेच असे नाही, हे त्या आकृतीचे तात्पर्य होते.

ह्या तत्त्वाचे साधे उदाहरण जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील आणे ह्या गावी पाहावयास मिळते. रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीस तेथे आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. भाकऱ्या घरोघर भाजल्या जातात. आमटी मात्र मोठाल्या कढयांतून एकत्र शिजते. आता अशी कल्पना करावी की, एखाद्या वर्षी अधिक भाकऱ्या देणाऱ्या घरास मान देण्याचे ठरले. भाकऱ्या दुप्पट जमतील, परंतु आमटी तेवढीच राहील. घरोघरीचे काम सुधारले असे म्हणता येईल, पण पंगत मात्र बिघडेल. भाकरीचे प्रमाण आमटीच्या अपेक्षेने ठरते आणि दोहोंचे प्रमाण पंगतीच्या अपेक्षेने ठरते. उद्योगातील खातेवार बक्षिसे व खातेवार उद्दिष्टे ह्यांनी हीच चूक मोठ्या प्रमाणावर घडते. विक्रीखाते मागणी दुप्पट आणते आणि उत्पादनखाते ती पुरी करू शकत नाही. उभयतांनी आपापले उद्दिष्ट गाठलेले असते, आणि तोटा संस्थेचा होतो.

३

कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांतच आहेत. तरीही आणे पठारासारखा उंचावरील प्रदेश कालव्याच्या पाण्यास मुकला, आणि पश्चिमेकडील डोंगरी गावे पावसाळी भातावर विसंबून राहिली. शेतीवर वर्ष निभत नसल्याने ह्या दोन तालुक्यांतून, तसेच खेड, मावळ, मुळशी, अकोले ह्या भागांतून, पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईस जात राहिली. त्यांच्यापैकी ज्यांनी घरचे जेवण कचेरीत पोचविण्याचा धंदा पत्करला ते डबेवाले होत. ह्या धंद्याचा आरंभ १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी केला असे मानतात. १९५६ साली त्यांच्या न्यासाची नोंदणी झाली. २०२० पूर्वीच्या काळात सुमारे पाच हजार माणसे दररोज सुमारे दोन लाख डबे पोचवीत आणि रिकामे डबे परत आणीत, असे सामान्यतः सांगितले जाते.

डबा सकाळी घरून उचलला जातो, उपनगरातील स्टेशनावर त्याची वर्गवारी होते, लोकलच्या मालडब्यातून तो शहरात येतो, उतरल्यावर पुन्हा वर्गवारी होते, आणि हातगाडीवरून, सायकलीवरून किंवा डोक्यावरील लाकडी पाटीतून दुपारच्या जेवणाच्या वेळेस तो ग्राहकाकडे पोचतो. दुपारनंतर हाच प्रवास उलट होतो. वाटेत डबा अनेक हातांतून जातो. ह्या सर्व हातांना जोडणारे साधन म्हणजे झाकणावर रंगाने काढलेल्या काही खुणा. त्यांत ग्राहकाचे नाव नसते आणि पत्ताही नसतो. आरंभी रंगीत दोऱ्यांवर किंवा कापडाच्या चिंध्यांवर काम भागत असे. डबे वाढले तसे रंग अपुरे पडले आणि अक्षरे व अंक आले. म्हणजे वाढीचा पहिला परिणाम चिन्हव्यवस्थेवर झाला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

नेहमी उद्धृत होणारा एक नमुना असा : झाकणाच्या मध्यभागी मोठा '३', एका कडेस 'व्हीएलपी', दुसरीकडे 'ई', आणि आणखी एका बाजूस '९ ईएक्स १२'. ह्यांतील '३' हा डबा शहराच्या कोणत्या भागात उतरावयाचा ते सांगतो. '९' हा तेथे डबा पोचविणाऱ्या माणसाचा अंक, 'ईएक्स' हे इमारतीचे संक्षिप्त नाव आणि '१२' हा मजला. 'व्हीएलपी' म्हणजे विलेपार्ले, जेथून डबा निघाला ते स्थान. 'ई' ही तेथील गल्लीची किंवा डबा उचलणाऱ्याची खूण.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्या लेखनाचे तीन विशेष नमूद करता येतात. पहिला, चिन्हाचा अर्थ त्याच्या जागेने ठरतो. मध्यभागीचा '३' आणि कडेचा '३' ही दोन भिन्न चिन्हे होत. दुसरा, संपूर्ण मजकूर कोणीच वाचीत नाही. गाडीत चढविणारा मध्यभागचा अंक पाहतो, उतरवून घेणारा '९' पाहतो, जिना चढणारा 'ईएक्स १२' पाहतो. परतीच्या वेळी 'व्हीएलपी' आणि शेवटी 'ई' कामास येतात. प्रत्येक वाचकास आपला पुढचा एक निर्णय करण्यापुरतीच माहिती हवी असते आणि तेवढीच त्याच्यापुढे ठळकपणे येते. मोठ्या संस्थांतील अहवाल न वाचताच फाइलीत जातात, ह्याचे कारण बहुधा ह्याच्या उलट असते. सर्व माहिती सर्वांस पाठविली जाते आणि कोणाचाच निर्णय तीवर अवलंबून नसतो.

तिसरा विशेष पुनरुक्तीसंबंधीचा आहे. नैसर्गिक भाषेत एकच माहिती अनेकदा येते. 'माझी मोठी बहीण आली' ह्या वाक्यात स्त्रीलिंगाची खूण विशेषणांत व क्रियापदात मिळून तीनदा येते. गोंगाटात एखादी ऐकू आली नाही तरी अर्थ टिकतो. डब्याच्या लेखनात अशी पुनरुक्ती जवळजवळ नाही. एक अंक पुसला गेला तर डबा भलतीकडे जावयास हरकत नाही. तरीही तो सहसा जात नाही, ह्याचे कारण पुनरुक्ती लेखनात नसून माणसांत आहे. तोच माणूस रोज तोच मार्ग चालतो, डब्याचा घाट आणि पिशवी ओळखतो, नवखा माणूस जुन्याच्या हाताखाली शिकतो, आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडावीत म्हणून गटात काही माणसे जादा ठेविलेली असतात. खर्चाचा हिशोब मांडणाऱ्या बाहेरच्या मनुष्यास ही जादा माणसे अनावश्यक वाटतील. ती कमी केली तर पहिल्या महिन्यात बचत दिसेल. परंतु एखाद्या मुसळधार पावसाच्या दिवशी व्यवस्था कोसळेल आणि बचतीचा व कोसळण्याचा संबंध कोणाच्याही ध्यानात येणार नाही.

४

शंभरांची संख्या हजारांवर गेली असता ही व्यवस्था फुटली का नाही, हा पुढचा प्रश्न होय. डबेवाल्यांची घटना अत्यल्प पायऱ्यांची आहे. वीस-पंचवीस माणसांचा एक गट, त्यावर मुकादम, आणि सर्व गटांसाठी निवडलेले एक मंडळ. गटाचे उत्पन्न गटातच वाटले जाते. ग्राहक मिळविणे, पैसे गोळा करणे, तंटे मिटविणे हे गटाचे काम. वाढ झाली ती पायऱ्या चढवून झाली नाही. सारखेच गट अधिक होऊन झाली.

मात्र गट स्वतंत्र झाले की बोली भिन्न होऊ लागतात, हा भाषेच्या इतिहासातील नेहमीचा अनुभव आहे. दोन समाजांतील दळणवळण कमी झाले की त्यांचे उच्चार व शब्द दूर जातात. डबेवाल्यांच्या गटांत तसे होत नाही, कारण रोज सकाळी व दुपारी स्टेशनावर गटांची गाठ पडते आणि एकाचे चिन्ह दुसऱ्यास वाचावे लागते. तेथे अर्थात भेद पडला तर तो त्याच दिवशी उघडकीस येतो. ह्याउलट 'ई' सारखी खूण केवळ उचलणाऱ्या गटाच्या उपयोगाची. ती कोणती असावी ह्याशी दुसऱ्या गटास कर्तव्य नाही. तात्पर्य, जेथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेथे चिन्ह सर्वांचे समान असावे लागते. गटाच्या अंतर्भागात स्वातंत्र्य चालते. वाढत्या कंपनीत पुष्कळदा विपरीत प्रकार दिसतो. खात्याच्या आतील बारीकसारीक गोष्टींवर नियम लादले जातात, आणि दोन खात्यांच्या सांध्यावर कोणता शब्द कोणत्या अर्थी वापरावयाचा हे अनिर्णीत राहते.

५

येथवर व्यवस्थेचा विचार झाला. सुधारणेचा विचार करू लागताच एक अडचण उपस्थित होते. १९९८ साली फोर्ब्स ह्या नियतकालिकात डबेवाल्यांविषयी लेख आला आणि पुढे 'सिक्स सिग्मा' हे बिरुद त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. साठ लाख व्यवहारांत एक चूक, असे कोणी सांगतात. कोणी एक कोटी साठ लाखांत एक म्हणतात. सिक्स सिग्माचा रूढ अर्थ दहा लाख संधींत ३.४ दोष असा आहे. दोन लाख डबे जाऊन-येऊन दिवसाला चार लाख व्यवहार होतात. वर्षाचे तीनशे दिवस धरल्यास बारा कोटी. सिक्स सिग्माच्या मापाने वर्षाला सुमारे ४०८ चुका क्षम्य ठरतात. साठ लाखांत एक ह्या मापाने केवळ २० होतात. दुसरे प्रमाण पहिल्याच्या वीसपट कठोर आहे, तरी दोन्ही विधाने एकाच वाक्यात समानार्थी म्हणून वापरली जातात. संघटनेतील मंडळींच्या अंदाजातून हे आकडे प्रचारात आले. रोजच्या नोंदींतून ते निघालेले नाहीत.

त्याहून मूलभूत प्रश्न हा की, चूक कशास म्हणावयाचे. डबा अर्धा तास उशिरा पोचला तर ती चूक काय? दोन डब्यांची अदलाबदल झाली तर चूक एक की दोन? भलत्या गाडीत गेलेला डबा मधल्या स्टेशनावर कोणाच्या तरी ध्यानात आला आणि वेळेवर पोचला तर चूक झाली की टळली? ह्यांची उत्तरे ठरविल्यावाचून चुकांची संख्या सांगणे निरर्थक आहे. डेमिंग ह्यांनी कृतिनिष्ठ व्याख्येचा आग्रह धरला तो ह्याच कारणास्तव. एखाद्या गुणाची व्याख्या तो कसा तपासावयाचा ह्या कृतीसह दिली पाहिजे, म्हणजे दोन भिन्न माणसांनी दोन भिन्न दिवशी ती लावली असता उत्तर एकच यावे. अर्थविचाराच्या अभ्यासकांस ही मागणी परिचयाची वाटेल.

व्याख्येनंतर मोजणी येते आणि मोजणीनंतर भेदनिर्णय. वॉल्टर शूहार्ट ह्यांनी १९२४ साली अमेरिकेतील दूरध्वनी-उद्योगात नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही कामात रोजच्या रोज थोडीफार तफावत असतेच. तिची काही कारणे व्यवस्थेत सर्वत्र पसरलेली असतात, तर काही कारणे प्रसंगविशेषाने उत्पन्न होतात. पाऊस जोराचा पडून गाड्या थांबल्या आणि डबे उशिरा पोचले, हे प्रासंगिक कारण. वर्गवारीची जागा अपुरी असल्यामुळे रोज चार-पाच मिनिटे जातात, हे व्यवस्थेतील कारण. दुसऱ्या प्रकारच्या कारणासाठी कामगारास बोल लावणे अन्याय्य तर आहेच, पण निरुपयोगीही आहे, कारण जागा वाढविणे त्याच्या हाती नसते. तसेच, प्रत्येक किरकोळ तफावतीनंतर पद्धत बदलणारा व्यवस्थापक तफावत कमी करीत नाही, वाढवितो. तराजूचा काटा स्थिर होण्यापूर्वीच दर वेळी वजन बदलणाऱ्या मनुष्यासारखी त्याची स्थिती होते.

अखंड सुधारणा म्हणजे रोज काही तरी नवे करणे नव्हे, हे ह्यावरून स्पष्ट होईल. योजना करावी, ती लहान प्रमाणावर करून पाहावी, फळ पडताळावे, आणि उपयुक्त ठरल्यास ती नियमात समाविष्ट करावी, असा तिचा क्रम आहे. भारतीय व्याकरणपरंपरेत ह्याचा एक बोलका दाखला सापडतो. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके रचली. काय सांगितले आहे, काय सांगावयाचे राहिले आहे, आणि काय सदोष रीतीने सांगितले गेले आहे, ह्यांचा विचार म्हणजे वार्तिक, अशी त्याची परंपरागत व्याख्या आहे. पुढे पतंजलीने महाभाष्यात त्या दुरुस्त्यांचीही परीक्षा केली आणि अनेक ठिकाणी मूळ सूत्रच पुरेसे आहे असे दाखविले. मूळ नियम जपला, दुरुस्ती स्वतंत्र नोंदली, आणि दुरुस्तीलाही पडताळ्यातून सूट दिली नाही. सुधारणेची ह्याहून नेमकी पद्धत आधुनिक उद्योगानेही शोधलेली नाही. महाराष्ट्रात ह्या पद्धतीचा अवलंब झालेला नाही असे मात्र नाही; महिंद्र आणि महिंद्र ह्या कंपनीच्या शेतीयंत्रविभागास २००३ साली डेमिंग पारितोषिक मिळाले.

६

हा विचार आणे परिसरातील एखाद्या वाढत्या कंपनीस लावून पाहता येईल. कल्याण–अहिल्यानगर मार्ग आणि पुणे–नाशिक मार्ग जेथे छेदतात त्या आळेफाट्यावर कांद्याचा मोठा बाजार भरतो. कांद्याची प्रतवारी तेथे गोळा, गोल्टी, बदला अशा शब्दांनी होते. हे शब्द सोस्यूरप्रणीत मूल्याचे उत्तम उदाहरण आहेत. गोल्टी म्हणजे निश्चित आकार नव्हे. गोळ्याहून लहान आणि बदल्याहून बरा, एवढाच तिचा अर्थ. ढीग बदलला की सीमा सरकते. समोरासमोर लिलाव होतो तोवर त्यामुळे बिघडत नाही, कारण माल डोळ्यांपुढे असतो.

आता एका काल्पनिक कंपनीचा विचार करावा. तिने पाच माणसांनिशी कांदा निवडून दूरच्या शहरांस पाठविण्याचा धंदा सुरू केला आणि काही वर्षांत तिची तीन ठिकाणी गोदामे झाली. तिन्ही ठिकाणचे निवडणारे 'गोळा' म्हणतात, पण तिघांचा गोळा एक नाही. ग्राहकाच्या तक्रारी येऊ लागतात. मालक देखरेख करणारे नेमतो, दंड बसवितो, दर आठवड्यास सभा घेतो. तक्रारी कमी होत नाहीत, कारण निवडणाऱ्यांचा आळस हे त्यांचे कारण नसून एका शब्दाचे तीन अर्थ हे कारण आहे.

वरील विवेचनानुसार उपाय निराळा ठरतो. प्रथम, ज्या सांध्यावर माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेथील शब्द निश्चित करावेत. ठरावीक मापाचे एक कडे तिन्ही गोदामांत ठेवावे आणि त्यातून न जाणारा कांदा तो गोळा असे ठरवावे. दुसरे, परत आलेल्या मालाची रोज मोजणी करून ती आलेखावर मांडावी. हे काम निवडणाऱ्यांनीच करावे, म्हणजे ग्राहकाकडील वार्ता जेथे उपयोगी पडेल तेथे पोचेल. तिसरे, एका दिवसाच्या चढउतारावरून कोणास दोष देऊ नये. चौथे, नवा उपाय आधी एका गोदामात करून पाहावा. पाचवे, माप बदलावयाचे झाल्यास जुने माप, नवे माप आणि बदलाचे कारण एका वहीत नोंदवावे. ह्यांपैकी कशासही मोठे भांडवल लागत नाही. मालकास मात्र एक गोष्ट सोडावी लागते. शब्दाचा अर्थ ऐन वेळी आपण सांगू तो, हा अधिकार त्याने त्या कड्यास व त्या वहीस दिला पाहिजे. वाढत्या संस्थेतील खरा त्याग हा असतो, आणि तो न घडल्यामुळेच पुष्कळशा संस्था एका माणसाच्या आवाजाच्या टप्प्यापलीकडे वाढत नाहीत.

७

शेवटी ह्या उदाहरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे मुंबईच्या लोकलगाड्या सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या, कचेऱ्या ओस पडल्या, आणि पुष्कळ डबेवाले जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ येथील आपल्या गावी परतले. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तरी घरून काम करण्याची रीत टिकली आणि डब्यांची संख्या पूर्ववत झाली नाही. अनेकांस अन्य कामे पत्करावी लागली. खुणा बिनचूक होत्या, माणसे निष्ठावंत होती. परंतु ज्या परिसरावर व्यवस्था उभी होती तोच हलला. आपल्या कामातील चूक तत्काळ दाखविणारे सांधे तिच्यापाशी होते. ग्राहकाचे जीवन कोणत्या दिशेने बदलत आहे हे दाखविणारा सांधा तितका समर्थ नव्हता. डेमिंग ह्यांच्या आकृतीत ग्राहकाकडून आरंभाकडे वळणारी जी रेषा आहे तिचे महत्त्व येथे कळते.

म्हणून ह्या व्यवस्थेपासून बोध घ्यावयाचा तो 'सिक्स सिग्मा' ह्या बिरुदापासून नव्हे. घरातून कचेरीपर्यंत अनेक हातांनी एका चिन्हाचा एकच अर्थ लावावा, हे त्यांनी शतकाहून अधिक काळ साधले; ते यश निर्विवाद आहे. चुकीची व्याख्या, तिची मोजणी आणि बाहेरील बदलाची दखल ही पुढील पायरी होय. वाढणाऱ्या प्रत्येक संस्थेस दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतात, आणि क्रमही हाच ठेवावा लागतो. कारण ज्यांचे शब्द समान नाहीत त्यांच्या मोजण्या समान असू शकत नाहीत, आणि ज्यांच्या मोजण्या समान नाहीत त्यांस आपण सुधारलो की नाही हे सांगता येणार नाही.